पाचव्या कुंडीतला साक्षीदार

कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. पण भोईवाड्यातल्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर मी कांदे झोपवले, त्यांच्या झोपेसाठी सफरचंदांशी भांडलो, आणि शेवटी एका कांद्यानेच माझ्या बाजूने साक्ष दिली. मी सीताराम. कोर्टात शिपाई होतो. उभा जन्म दाराशी उभं राहून लोकांची नावं पुकारली आणि 'खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही' हे इतक्यांदा ऐकलं, की संध्याकाळी घरी आल्यावर खोटं बोलल्याशिवाय मला जेवण जात नसे. दिवसभर खऱ्याचा रतीब ऐकून कान आंबतात हो. थाप ही आंघोळीसारखी असते, माणूस मोकळा होतो. तर माझी ही ख्याती. म्हणूनच जेव्हा खरोखरचं काही घडलं तेव्हा माझ्याजवळ ते सांगायला आवाजच नव्हता.

सुरुवात एका 'हो'पासून झाली. संध्याकाळी जेवायला बसलो होतो. मुलगा राजरत्न, सून सीमा, माझी बायको सुंदराबाई आणि मी. बोंबील तळलेले होते. मी माझी हत्तीची गोष्ट काढली. आमच्या कोर्टात एकदा सर्कशीतला हत्ती साक्षीला आणला होता, मान हलवून हो-नाही सांगायचा, आणि समोरचा वकील उठून म्हणाला, साहेब, साक्षीदार पढवलेला आहे. ही गोष्ट सीमानं शंभरदा ऐकलेली. दर वेळी ती कुठेतरी मला अडवायची. 'शपथ घेताना हात कुठे ठेवला, सोंड ठेवली का?' नाहीतर, 'बाबा, मागच्या वेळी तर तो उंट होता.' त्या दिवशी तिनं माझ्या ताटात भात वाढला, क्षणभर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हो बाबा." एवढंच. घास माझ्या तोंडात तसाच राहिला. चादरीवरची सुरकुती सारखी करावी तसा तो 'हो' होता. दवाखान्यातल्या खाटेवरची चादर. मी राजरत्नकडे पाहिलं, तो काटे बाजूला काढत होता, फार मन लावून. सुंदरा पाणी प्यायली. हत्ती बिचारा आमच्या चौघांमध्ये उभा राहिला आणि त्याला कुणी बाहेर काढेना.

'हो बाबा' म्हणजे काय हे ज्यानं आमची जुनी चाळ पाहिली नाही त्याला कळायचं नाही. तिथे लांबलचक गॅलरी, लाकडी कठडा, आणि संध्याकाळी गोष्टीला बसण्याचा एक कायदा. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. ऐकायचं, मान डोलवायची. पण थापेचा सांधा निसटलेला दिसला की कठड्यावर टकटक करायची आणि ओरडायचं, 'धरला!' नुसतं धरला म्हणून भागत नसे, खरं काय ते पुराव्यानिशी सांगावं लागे. मग गोष्ट तिथल्या तिथे बंद, आणि सांगणाऱ्याच्या घरून सगळ्यांना चहा. सुंदराची अर्धी चहापत्ती माझ्या जिभेनं संपवली. सगळ्यांत तरबेज होता मालवणचा कुशाबा, गिरणीतला. बोटातल्या अंगठीनं टकटक करायचा. पण सीमा लग्न होऊन आली, चाळ पडायच्या आधीची शेवटची वर्षं ती, आणि नवी नवरी आतून चपात्या भाजता भाजता बाहेर आली, उलथणं कठड्यावर आपटलं, म्हणाली, "धरला! बाबा, तुम्ही म्हणताय त्या साली आईंशी लग्न झालं असेल तर आई तेव्हा सात वर्षांच्या होत्या." अख्खी गॅलरी हसली. मी त्या मुलीच्या प्रेमात पडलो तो तेव्हा. सून घरात येते म्हणतात. माझ्या घरात त्या दिवशी न्यायाधीश आला.

मग चाळ गेली, टॉवर आला. गॅलरी नाही. दारं, दारांबाहेर चपलांचे स्टँड, लिफ्टमध्ये आरसा. कुशाबा खाली अकराव्या मजल्यावर. टकटक करायला लाकूड नाही. तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सीमा चमचा वाजवायची, चाललं होतं. तो चमचा कधी थांबला हे मला आठवेना. थांबायला कारणं मीच दिली होती. एकदा भाताच्या कुकरात चहापत्ती टाकली. एकदा सीमाला 'नलू' म्हणून हाक मारली, नलू माझी बहीण, जाऊन किती वर्षं झाली. दर वेळी मी हसून म्हटलं, मुद्दाम केलं, बघत होतो तुमचं लक्ष आहे का. आणि हे म्हणताना मला स्वतःलाही खरं वाटायचं. इथेच तर गोम आहे. साध्या माणसाजवळ एकच भूतकाळ असतो. तो हरवला तर जागा रिकामी दिसते, कळतं तरी. माझ्याजवळ एकेका गोष्टीचे चार-चार. माझी आई गॅलरीत डालड्याच्या डब्यात लसूण खोचायची, हिरवी पात खुडून चटणीत घालायची. एका गोष्टीत तो डबा वाऱ्यानं खाली पडून फौजदाराच्या टोपीत बसतो. दुसरीत लसणीला फूल येतं आणि आई मरते. तिसरीत डबा नाहीच, फुटका माठ आहे. चवथी मी फक्त कुशाबाला सांगितली. यातली आई कुठली? डबा होता, हे नक्की. पिवळा. त्यावर खजुराचं झाड. की ते झाड मीच पुढे कधी लावलं?

शेवटी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई भली होती. राजरत्न आणि सुंदरा माझ्या दोन बाजूंना बसले, पंचांसारखे. आज वार कुठला, विचारलं. मी म्हटलं, घरी मटण असतं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. ती हसली नाही, कागदावर काहीतरी लिहिलं. घड्याळ काढायला लावलं. मी काढलं आणि त्याला पट्टाही काढला. मग तिनं तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. पेरू, म्हटलं. सुई, म्हटलं. आणि तिसऱ्याच्या जागी नुसता पांढरा भिंतीचा तुकडा. त्या भिंतीकडे बघत मी अगदी ठसक्यात म्हणालो, "कंदील." इतकं सराईतपणे की तिलाही एकदा आपला कागद पाहावा लागला. येताना टॅक्सीत राजरत्न म्हणाला, "बाबा, थट्टा कशाला करायची तिथं?" मी म्हटलं, थट्टाच ती. पहिले दोन शब्द मी मस्करी करायला मोकळा होतो म्हणून खरे सांगितले. तिसऱ्याला मोकळा नव्हतो म्हणून खोटं सांगितलं. हा फरक टॅक्सीतल्या कुणालाच माहीत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी गरज म्हणून थाप मारली.

मन गुंतेल असं काही द्या, असं बाईनं सांगितलं होतं. दसऱ्याच्या सुमाराला कुरिअरनं खोका आला. सीमानं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून मागवलेला. आत लाकडाच्या भुशात पाच कंद, पांढुरके, कागदासारख्या सालीचे, आणि एक चित्र: हिरव्या काठीवर जांभळा गोळा, लहान मुलाच्या डोक्याएवढा. सीमा वाचून दाखवत होती, "ॲलियम. शोभेचा कांदा, बाबा. खायचा नाही, फुलासाठी लावायचा." मी हसत सुटलो. कांद्याला आमच्याकडे फुलू देतात होय? जुन्नरकडे मामाच्या वाफ्यात एखाद्या कांद्यानं मधूनच दांडा वर काढला की मामा म्हणायचा, डेंगळा आला, आणि कडकन मोडून टाकायचा. डेंगळ्याचा कांदा आतून दांडरतो, कडक पडतो, टिकत नाही. म्हणजे परदेशात माणसं पैसे देऊन डेंगळे वाढवतात! मला ते एकदम आवडलं. जे कामातून गेलं, त्याचीच शोभा. मी कुंड्या मागवल्या.

पण लगेच लावायचे नव्हते. या कांद्याला थंडी लागते. बर्फाच्या देशातला तो. हिवाळा भोगल्याशिवाय आपण मोठे झालो हे त्याला कळतच नाही. मुंबईत हिवाळा कुठून आणणार? तर फ्रिजमधून. कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या खणात ठेवायचे, दोन-अडीच महिने, कोरडे, आणि जवळ फळं ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या सफरचंदातून वायू सुटतो, तो कंदाच्या पोटात झोपलेली कळी मारतो. हे सगळं त्या खोक्यावरच्या कागदात छापलेलं होतं, मी भिंग लावून पुन्हा पुन्हा वाचलं. आणि गंमत बघा. हत्तीच्या साक्षीला घरानं 'हो बाबा' म्हटलं होतं. या खऱ्या गोष्टीला कुणी हो म्हणेना. सुंदरानं सफरचंदं आणली आणि खणात ठेवली. मी काढून ओट्यावर ठेवली. तिनं परत आत. "अहो, सफरचंदानं तुमचं काय केलं?" मी म्हटलं, ती माझ्या कांद्यांच्या पोटातलं पोर मारतात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच डोळ्याला पदर लावला. तेव्हा मला ऐकू आलं मी काय बोललो ते.

कुशाबा वर आला चहाला. फ्रिज उघडून पाहिला. "काय रे सीताराम, कांदे खय फ्रिजात ठेवतत? उद्या बांगडे कपाटात ठेवशीत!" मी त्याला हिवाळ्याचं, वायूचं, कळीचं समजावलं. तो आपल्या टकलावरून हात फिरवत ऐकत राहिला. त्याच्या बोटात अंगठी होती, ओटा हाताशी होता. मी वाट पाहिली. वाजव, म्हटलं मनात, निदान खऱ्याला खोटं समजून तरी वाजव. तो उठला, म्हणाला, "बरां बरां. ठेव तुका हवे थय." दारात सीमा त्याच्याशी दबक्या आवाजात काहीतरी बोलली. लिफ्टचं दार मिटलं.

तेव्हापासून मी त्या खणाशी दिवसातून कितीतरी वेळा जाऊ लागलो. दार उघडलं की आतला दिवा लागायचा, थंड वाफ पायावर यायची. पिशवी उघडून पाचांना बघायचं. बाहेर ऑक्टोबरची काहिली, समोर नव्या टॉवरच्या क्रेन, शिवडीकडून खारट वारा; आणि इथे हातभर खणात हिमालय. मला त्यांचा हेवा वाटे. यांना काहीच आठवावं लागत नाही. थंडी संपली की यांच्या पोटातलं यांना आपोआप आठवतं, दांडा किती लांब, पाकळ्या किती, रंग कुठला. मी त्या पाचही कंदांना बोटांनी ओळखायला शिकलो. एकाच्या बुडाला मुळ्यांचा खरखरीत टिळा, एक जरा चपटा. सगळे पांढुरके. सगळे पांढुरके, हे मी स्वतःला बजावून ठेवलं. पेरू, सुई, आणि पाच पांढुरके.

डिसेंबर आला. सहा तारखेच्या आधी आमच्या घरात गावाकडची माणसं उतरतात. दादरला चैत्यभूमीला जायचं, रांगेत उभं राहायचं, परत इथेच येऊन पाठ टेकायची. चाळीतल्या दहा बाय बारात वीस माणसं झोपायची, आता टॉवरातही तेवढीच. दारात चपलांचा डोंगर, गॅसवर सतत पातेलं. पहाटेपासून सीमा, सुंदरा, मी, सगळेच वाढत होतो, भाकऱ्या येत होत्या, अंडी फुटत होती. मीही उभा राहून कुणाकुणाला पोळ्या घातल्या अंड्याच्या. दोन दिवसांनी पाहुणे गेले, घर पुसलं, मग मी खणाशी गेलो. पिशवीत पाच होते. पण त्यातला एक गुलाबी होता.

मी दार बंद केलं. पुन्हा उघडलं. दिवा लागला, गुलाबीच. जरा मोठा, चकचकीत सालीचा. कुणीही सांगेल, हा बाजारातला कांदा. पण मी तेव्हा कुणीही नव्हतो. मी ओट्याला धरून उभा राहिलो आणि मनात कोर्ट भरलं. सगळे पांढुरके होते, असं तुम्ही कशावरून म्हणता? मी पाहिले. चष्मा होता? असेल. तुम्ही हीच गोष्ट कधी वेगळी सांगितली आहे का? सांगतोच मी, साहेब. सहा तारखेला अंडी कुणी केली? मीही केली. कांदा कुठून घेतला? आणि इथे साक्षीदार गप्प झाला. कारण मला दिसत होतं, माझाच हात खणात जातो, पिशवीतला कंद उचलतो, सुरी चालते, चर्र आवाज. आणि मग तोच हात, झाकायला, कांद्यांच्या टोपलीतला एक उचलून पिशवीत ठेवतो. इतकं लख्ख दिसत होतं की ते घडलेलं असणार. किंवा इतकं लख्ख होतं की ते मी रचलेलं असणार. माझ्या थापा नेहमीच खऱ्यापेक्षा स्वच्छ दिसतात. कुणाला विचारू? विचारलं असतं, 'हा कांदा कुणी बदलला?' तर सगळे एका आवाजात म्हणाले असते, 'कुणी नाही, बाबा.' आणि माझ्या पाठीवर पुन्हा तो हात.

विचारलं नाही. नवं वर्ष लागल्यावर पाचही लावले. वाळू, माती, थोडं शेणखत, पाणी तुंबू द्यायचं नाही, शेंडा वर. खिडकीच्या ग्रिलमध्ये पाच कुंड्या ओळीनं, आणि गुलाबी शेवटच्या, पाचव्या कुंडीत. मी मनाशी करार केला: हा खरा ॲलियम निघाला तर माझी आठवण गेली, कारण मला तो पांढुरका आठवतो. हा साधा कांदा निघाला तर आठवण शाबूत आहे; पण मग त्याला ठेवलं कुणी? तेही मीच असलो, तर शाबूत आठवणीचं काय लोणचं घालू?

पहिली पात पाचव्या कुंडीनं काढली. बाकीचे चौघं अजून मातीखाली हिवाळा मोजत होते, आणि हा हिरवागार, घाईघाईनं वर. मग त्यांचीही आली, रुंद, चपटी, मऊ, पट्ट्यासारखी जमिनीकडे लोळणारी पानं. पाचव्याची सरळ, गोल. एका सकाळी कुणी नाही बघून मी त्याची पात चिमटीत धरली. पोकळ. नळी. नखानं चिरली आणि बोट नाकाशी नेलं. सगळा जुन्नर, मामाचा वाफा, आईची चटणी, पावट्याच्या आमटीत वरून टाकलेली पात, एकदम सगळं त्या बोटावर. कांदाच तो. तुमचा-माझा कांदा. पाचही पांढुरकेच होते, मी बरोबर होतो! मी तिथेच स्टुलावर बसलो. आणि बसल्या बसल्या दुसरा अर्धा प्रश्न येऊन मांडीवर बसला: ठेवला कुणी?

त्याचं उत्तर मला फुकट मिळालं, एका दुपारी. सीमाला सुट्टी होती. मी आतल्या खोलीत पडलो होतो, झोपलोय असं सगळ्यांना वाटत होतं. पाण्याला उठलो तर खिडकीशी सीमा, हातात तांब्या, पाचव्या कुंडीवर वाकलेली. ती त्या पातीला रागे भरत होती, अगदी हळू. "तुलाच बरी रे घाई सुटली! ते चौघं बघ कसे लोळत पडलेत. एवढा ताठ कशाला? बाबांनी पात ओळखली तर काय सांगू त्यांना, तुमचा कांदा पाहुण्यांना खिलवला म्हणून? आधीच त्यांचं डोकं…" तिनं वाक्य पुरं केलं नाही. पदरानं कुंडीची कड पुसली, आणि शेवटी एवढं रागावूनही त्याला पाणी घातलंच.

मी उलट्या पावली खाटेवर गेलो, उशी तोंडात कोंबली आणि हसलो. पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते सगळंच हसण्याचं नव्हतं. तो हात माझा नव्हता. खणात गेलेला, सुरी धरलेला, कांदा लपवलेला. लख्ख दिसलं होतं ते मी रचलं होतं. आणि रचणं तर मला येतंच, ते गेलं नाही, हीच तर गंमत. पंखा फिरत होता, खाली फेरीवाला ओरडत होता, कोर्टाच्या बाजूनं कुणाचा तरी हॉर्न अडकला होता, आणि मला सगळं ऐकू येत होतं, एकेक, आपापल्या जागी. मग मला तिचं वाईट वाटलं. कुणाला दुखवू नये म्हणून चोरी केलेलं माणूस किती एकटं असतं. ती रोज येऊन माझ्या कुंडीपुढे कबुली देत होती, आणि मला 'हो बाबा' म्हणत होती, कारण तिला वाटत होतं की खरं पेलायला मी आता उरलो नाही. मी बाहेर जाऊन सांगू शकलो असतो, अगं, मला माहीत आहे. ती रडली असती, माफी मागितली असती, आणि परत पाठीवर हात ठेवला असता. मला माफी नको होती. मला टकटक हवी होती.

संध्याकाळी सुंदराला विचारलं, "त्या बाईनं तीन शब्द सांगितलेले. पेरू, सुई, आणि तिसरा कुठला गं?" ती भाजी निवडता निवडता थांबली. तिनं छताकडे पाहिलं. "मला मेलीला तरी कुठे आठवतोय! राजा, काय रे होता?" राजरत्न मोबाइलमधून वर बघत म्हणाला, "कंदील ना?" तो शब्द मला अजून सापडलेला नाही, रात्री-अपरात्री त्या पांढऱ्या भिंतीशी मी जाऊन येतो. पण आता तिथे जाताना सोबत असते.

एप्रिल उजाडला. चौघांपैकी दोघं कुजले, एकाची नुसती पानं पिवळी पडली. आणि एकानं, टिळ्याच्या कंदानं, खरोखर दांडा काढला आणि वर गोळा उलगडला. डोक्याएवढा नाही. लिंबाएवढा. पण जांभळा! बारीक चांदण्यांचा. मी तो पाहिला आणि टोपी नव्हती तरी डोक्याकडे हात गेला. शेजारी पाचव्या कुंडीत त्याच्या दुप्पट दणदणीत पांढरा डेंगळा, मधमाशीसुद्धा त्याच्यावरच. मामा असता तर मोडला असता. मी त्याला काठीचा आधार बांधला. माझा साक्षीदार होता तो, न पढवलेला.

जयंतीच्या दिवशी सकाळी सगळे घरी होते. खाली निळे झेंडे, कुठेतरी ढोल, सुंदरा पांढऱ्या साडीत, राजरत्न नव्या सदऱ्यात. सीमा स्वयंपाकघरात चपात्या भाजत होती. कुशाबा पेढे घेऊन आला. मी सगळ्यांना ग्रिलपाशी बोलावलं. कुशाबानं दोन्ही फुलं पाहिली. "आयला! एक जांभळां, एक पांढरां? एकाच खोक्यातले?"

"एकाच खोक्यातले," मी म्हटलं, "एकाच आईचे. पांढरा कसा झाला ते ऐका." उलथणं हातात घेऊन सीमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

मी घसा साफ केला. "सहा डिसेंबरच्या पहाटे मी फ्रिज उघडला, तर पिशवीतून आवाज आला, सीतारामा, मला पण ने. याचाच आवाज. मी त्याला बंडीच्या खिशात घातला आणि नेला दादरला. रांगेत उभा राहिला माझ्याबरोबर, दिवसभर. खिशातून डोकं काढून बघायचा. जिकडे तिकडे पांढरे कपडे, पांढरा समुद्र माणसांचा. बघता बघता याच्या पोटातली कळी जांभळी होती ती पांढरी झाली."

"हो बाबा," राजरत्न म्हणाला.

"परत येताना दमला होता. मी माझ्या या हातांनी त्याला पिशवीत निजवला. सफरचंदं बाजूला केली."

सुंदरानं मान हलवली. मी कुशाबाकडे पाहिलं. त्याची अंगठी ग्रिलपासून वीतभर लांब होती. "हो रे बाबा, हो," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून झेंडे बघू लागला. तोही. गोष्टीचा धागा हातातून सुटतोय असं वाटलं. एकच पत्ता उरला होता माझ्याजवळ, मी सीमाच्या डोळ्यांत बघून तो टाकला.

"आता एखादा दुष्ट म्हणेल, की त्या दिवशी घरात गर्दी होती, घाई होती, कुणीतरी चुकून हा कंद कापला असेल. पण कसा कापेल? मी स्वतः टोपली पाहिली होती, या घरात त्या दिवशी टोपली भरून कांदे होते. साहेब, टोपली काठोकाठ भरली होती. शपथेवर सांगतो."

ढोल खाली कोपऱ्यावरून वळला. सीमा माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मी डावा डोळा मिचकावला. म्हातारपणी तो तसाही फडफडतो, काय समजायचं ते समजावं. मग तिनं गॅस बंद केला, सरळ चालत ग्रिलपाशी आली, राजरत्नला कोपरानं बाजूला सारलं, आणि उलथणं लोखंडावर असं आपटलं की पाचव्या कुंडीतली मधमाशी उडाली.

"धरला! काठोकाठ कुठली बाबा, टोपलीत एक कांदा नव्हता! तुमचा पाचवा कंद मी पाहुण्यांच्या अंड्यात घातला, हा दुसऱ्या दिवशी खालच्या भाजीवाल्याकडून आणून ठेवलाय, आणि तुम्हाला हे केव्हापासूनचं माहीत आहे! चला, चहा टाका सगळ्यांना!"